जांभळ्याची शेवटची कड

जांभळा रंग नेमका कुठे संपतो, हे मला आजही सांगता येणार नाही. कॉलेजच्या प्रयोगशाळेत, काळ्या पडद्याच्या भोकातून आरशाने आत वळवलेलं ऊन स्पेक्ट्रोमीटरच्या फटीवर पडायचं, आणि डोळा लावला की तांबड्यापासून निघालेला तो पट्टा हिरव्या-निळ्यातून उतरत उतरत शेवटी असा काही विरत जायचा, की आपण रंग पाहतोय की नुसता भास, ते कळेनासं व्हायचं. पडद्याला कोंदट वास, बोटाखाली पितळी स्क्रूचा गारवा. नजर अंधाराला सरावली की त्या विरत्या कडेवर दोन जाड काळ्या रेघा हळूच वर येत. "कॅल्शियम," सर मागून म्हणत. सूर्यातलं कॅल्शियम!

आता ती कड मला दिसत नाही. वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं आणि जांभळा प्रकाशच आधी अडवतं. पण त्यातली अगदी टोकाची, ३९३३ अँगस्ट्रॉमची 'के' रेघ मनातून पुसली गेली नाही. आयनीभूत कॅल्शियमची ती रेघ ताऱ्याच्या उष्णतेशी कशी बांधलेली असते, हे मेघनाद साहांनी १९२० साली समीकरणात मांडलं. त्या समीकरणावर माझा जीव आहे.

विश्वाच्या आरंभी होते हायड्रोजन, हेलियम आणि किंचितसं लिथियम. लोह, कॅल्शियम हे सगळं पुढे ताऱ्यांनी पोटात शिजवलं आणि फुटताना उधळलं. म्हणून तारा जितका आधीच्या पिढीतला, तितका त्याचा वर्णपट मोकळा. लोहाच्या दाट रेघा विरळ होत जातात, एकेक नाहीशी होते, आणि जवळजवळ कोऱ्या झालेल्या त्या पट्ट्यात, जांभळ्याच्या टोकाशी, 'के' तेवढी उरते. बारीक, पण ठळक. जुन्या ताऱ्यांचा शोध घेणारे कितीतरी जण तिचाच माग काढत गेले.

आपल्या आकाशगंगेच्या बाहेरच्या परिघात असे वृद्ध तारे भटकताना सापडतात. पण त्यांचं माहेर कोणतं? लहान लहान दीर्घिका गिळत आकाशगंगा वाढली, असं मानतात. मग ज्या बटू दीर्घिका अजून गिळल्या गेल्या नाहीत, तिथे असे तारे असायला हवेत. हार्लो शॅप्लींनी १९३८ साली जाहीर केलेली शिल्पकार तारकासमूहातली बटू दीर्घिका त्यांतलीच, सुमारे २ लाख ८० हजार प्रकाशवर्षं दूर. कार्तिकातल्या संध्याकाळी आपल्याकडूनही दक्षिणेला, फोमलहॉटच्या डावीकडे, ते आकाश दिसतं. नुसत्या डोळ्यांना तिथे काहीच नसतं. मी तरीही पाहत राहते.

२००६ साली अशा ताऱ्यांच्या शोधाचा निकाल आला तो उदास करणारा. तिच्यासह चार बटू दीर्घिकांमधल्या सुमारे २,००० ताऱ्यांत, सूर्याच्या हजारांशाहून कमी लोह असलेला एकही नाही. म्हणजे माहेर हे नव्हेच? पण ते मोजमाप अवरक्तातल्या कॅल्शियमच्या तीन रेघांवर बेतलेलं होतं, आणि लोहाने इतक्या निर्धन ताऱ्यांपाशी ते तोकडं पडत होतं. तारे होते, मापात येत नव्हते. २०१० साली ॲना फ्रेबेल, इव्हान कर्बी आणि जोशुआ सायमन यांनी याच शिल्पकारातल्या दीर्घिकेतला एक तारा चिलीतल्या लास कॅम्पानास इथल्या साडेसहा मीटरच्या मॅगेलन दुर्बिणीने तपासला. एवढ्या दुरून प्रकाश अगदी थेंबाथेंबाने येतो; एका वर्णपटासाठी तासन् तास थांबावं लागतं. त्यात लोह निघालं सूर्यातल्या लोहाच्या सुमारे सहा हजारावा हिस्सा. ती बातमी वाचली तेव्हा कितीतरी वेळ मी नुसती बसून होते.

२०२१ साली तिथेच आणखी निर्धन तारा सापडला, सूर्याच्या सुमारे तेरा हजाराव्या हिश्श्याइतक्या लोहाचा. त्यातल्या मूलद्रव्यांच्या प्रमाणावरून असं दिसतं, की त्याच्याआधी सूर्याच्या विसेक पट वस्तुमानाचा एक तारा तिथे विलक्षण जोराने फुटला असावा, ज्याच्याआधी कुणीच तारा नव्हता. त्या पूर्वजाचा प्रकाश आता कुणालाच दिसायचा नाही. त्याने घडवलेलं कॅल्शियम मात्र अजून मोजता येतं.