पोळ्याच्या करीला जाम नदीवर

अमरावतीहून मोर्शी, मोर्शीहून वरूड आणि वरूडहून शेंदूरजनाघाट. वरूड सुटले की उत्तरेला सातपुड्याची निळी रांग दिसू लागते आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी संत्र्याच्या बागा गाडीसोबत चालतात. या भागाला लोक कौतुकाने विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणतात. पण बाग ज्याच्या नावावर आहे तो वेगळा आणि बागेत राबतो तो वेगळा. आम्ही उभयता ज्या घरी पाहुणे म्हणून गेलो होतो, ते घर राबणाऱ्यांचे. ताई दुसऱ्याच्या रोपवाटिकेत निंदणाला जाते आणि भाऊजी कलमे बांधतात. संत्र्याच्या कलमांसाठी हे गाव दूरदूरपर्यंत ठाऊक आहे. पावसाळ्यात इथून कलमांच्या गाड्या भरून जातात, तेव्हा या घरच्या माणसांना दुपारची भाकर खायलाही सवड नसते.

आम्ही पोहोचलो तो पोळ्याचा दिवस. आपल्या घरी बैलही नाही आणि पोळाही नाही, पण मालकाकडे सण म्हणून मजुराला सुट्टी. जेवणे झाल्यावर ताईने भाच्याला दिव्याजवळ बोलावले आणि त्याच्या कपाळावरचे केस मागे सारून आम्हाला दाखविले. भुवईच्या वर दीड बोटाचा व्रण होता.

‘‘पाय बावा तुया भाच्याची कमाई. मांगच्या करीले गोटमारीले गेला होता. उद्या पुन्हा जातो म्हन्ते. तूच सांग ना याले, मायं तं आयकतच नाई.’’

भाचा सतरा वर्षांचा. बारावीत आहे. ‘‘मामा, मी गोटे मारत नाई, फक्त पाहाले जातो,’’ एवढेच बोलून तो बाहेर गेला. तो गेल्यावर ताईने आवाज खाली केला. गोट्याची भीती तर आहेच, पण तिला खरी भीती दुसरीच आहे. त्याच्या वर्गात एक मुलगी आहे. दोघे एकाच गाडीने जातात-येतात. मुलगी दुसऱ्या समाजाची, घर मोठे, बागायतदाराचे. ‘‘गोटा लागला तं टाके पडतीन,’’ ताई म्हणाली, ‘‘पन हे कोनाले समजलं तं काय होईन?’’

आम्ही विचार केला, पोराला कोंडून ठेवण्यापेक्षा त्याच्यासोबत जावे. दुसऱ्या दिवशी सकाळी मामा-मामी आणि भाचा असे तिघे वरूडला आलो आणि पांढुर्ण्याची गाडी धरली.

पांढुर्णा मध्य प्रदेशात आहे, पण बोली आपलीच. पूर्वी हा सारा मुलूख मध्य प्रांत व वऱ्हाड या एकाच कारभारात होता. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली आणि मध्ये सीमा आली. छिंदवाडा जिल्ह्यातले हे तालुक्याचे गाव २०२३ साली स्वतंत्र जिल्हा झाले. गावाला लागून जाम नदी वाहते. अलीकडे पांढुर्णा, पलीकडे सावरगाव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या मधोमध पळसाचे झाड रोवतात आणि त्यावर झेंडा बांधतात. पांढुर्ण्याची माणसे कुऱ्हाड घेऊन ते झाड तोडायला जातात, सावरगावची माणसे त्यांना दगडांनी अडवितात आणि दोन्ही काठांवरून दिवसभर दगडांचा पाऊस पडतो. झेंडा हाती आला की तो चंडीमातेच्या मंदिरात नेतात, आणि सकाळी एकमेकांची डोकी फोडणारे संध्याकाळी एकमेकांची विचारपूस करतात.

दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात. कोणाचा डोळा जातो, कोणाचा हात मोडतो. आजवर कित्येकांचे प्राण गेले आहेत. प्रशासनाने जमावबंदी लावून पाहिली, दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले, १९७८ आणि १९८७ साली तर पोलिसांच्या गोळ्याही चालल्या. गोटमार थांबली नाही.

हे सारे कशासाठी, तर लोक एक गोष्ट सांगतात. पांढुर्ण्याच्या एका मुलाचे सावरगावच्या एका मुलीवर प्रेम बसले. पहाटे तो तिला घेऊन निघाला. नदीच्या मधोमध पोहोचतात तोच सावरगावकरांना कळले आणि त्यांनी दगड मारायला सुरुवात केली. मुलाला वाचवायला पांढुर्ण्याची माणसे धावली आणि त्यांनीही दगडच उचलले. दोन्ही काठांच्या मध्ये ती दोघे मरून गेली. काही जण वेगळे सांगतात, की भोसल्यांच्या सैन्याचा हा दगडफेकीचा सराव होता. खरे काय ते नदीलाच ठाऊक. पण लोकांच्या तोंडी आहे ती त्या दोघांची गोष्ट.

आम्ही नदीपासून दूर, एका ओळखीच्या घराच्या गच्चीवर उभे होतो. खाली पाण्यात पोरेच पोरे. मिसरूड न फुटलेली, उघड्या अंगाची. एक पोरगा झाडाच्या दिशेने पळाला, खांद्यावर दगड बसला, पडला, उठला आणि काठावरच्या गर्दीकडे पाहून हसला. त्याचे ते हसणे आम्ही विसरणार नाही. त्याला झेंडा नको होता. त्याला कोणीतरी पाहायला हवे होते.

या वयाचे हे जगभर असेच आहे. समुद्रकाठची पोरे फळी घेऊन उंच लाटेवर उभी राहतात, आपली पोरे भरल्या धरणात उडी घेतात. २००५ साली अमेरिकेत मानसशास्त्रज्ञांनी मुलांना पडद्यावरचा गाडी चालविण्याचा खेळ खेळायला दिला होता. एकटी असताना मुले बऱ्यापैकी जपून खेळली, पण मित्र बघत असताना तेरा ते सोळा वर्षांच्या मुलांनी कितीतरी अधिक धोके पत्करले. मोठ्या माणसांत असा फरक पडला नाही. अर्थात मोठी माणसे शहाणीच असतात असे नाही. आपल्याच वरूड तालुक्यात झुंज येथे १४ सप्टेंबर २०२१ रोजी वर्धा नदीत नाव उलटली आणि ११ जण बुडाले. पाण्याला वय कळत नाही.

भाच्याच्या मामीने त्याला सरळच विचारले, ‘‘मागच्या वर्षी तू पाण्यात उतरलास तो कोणासाठी रे?’’

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘‘ते म्हने, तुयात हिंमत नाई. म्हनून गेलो.’’

‘‘मग? टाके पाहून खूश झाली?’’

‘‘नाई ना मामी. रडली. आठ दिवस बोललीच नाई.’’

आम्हाला हसू आले आणि त्यालाही आले. खालून त्याच्या मित्रांनी हाका मारल्या. तो जिन्याच्या दोन पायऱ्या उतरला. आम्ही अडविले नाही. तिथेच घरातले एक म्हातारे बाबा सुपारी कातरत बसले होते. भाच्याने त्यांना विचारले, ‘‘बाबाजी, त्या दोघायचं नाव काय होतं?’’

‘‘नाव कोनाले मालूम, बाप्पा! पोट्टा पांढुर्ण्याचा अन् पोट्टी सावरगावची. बस.’’

भाचा तिथेच पायरीवर बसला. मित्र निघून गेले.

परतीच्या गाडीत आमच्याही मनात तेच घोळत होते. प्रेम करणाऱ्या दोघांची नावेसुद्धा उरली नाहीत, आणि दगड मारणाऱ्यांची मात्र जत्रा झाली. पण हे जुन्या काळचे म्हणून सोडून देता येत नाही. नगर जिल्ह्यातल्या खर्डा गावी २८ एप्रिल २०१४ रोजी नितीन आगे या आपल्या सतरा वर्षांच्या मुलाचा जीव घेतला गेला. वरच्या जातीच्या मुलीशी बोलतो, हा त्याच्यावरचा राग होता. २०१७ साली सत्र न्यायालयातून आरोपी सुटले. त्याचे वय आणि आमच्या भाच्याचे वय एकच. ताईला रात्री झोप का लागत नाही, हे वेगळे सांगायला नको.

घरी आल्यावर चहा घेताना बोलणे निघाले. ताईचे म्हणणे, पोराचे कॉलेज बंद करावे. भाऊजी म्हणाले, तिच्याशी बोलणे बंद करावे. आम्ही म्हणालो, दोन्ही नको. बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिप्रथेचे निर्मूलन’मध्ये लिहून ठेवले आहे की, जात मोडण्याचा खरा उपाय आंतरजातीय विवाह हाच आहे. १९४८ साली त्यांनी स्वतः माईसाहेबांशी लग्न केले तेही जातीची रेघ ओलांडून. त्यांचा फोटो भिंतीवर लावायचा आणि पोराला म्हणायचे की मन लागले हाच तुझा गुन्हा, हे आपल्याला शोभत नाही. मात्र पोरालाही कायदा समजावून सांगितला पाहिजे. लग्नासाठी मुलगी अठरा आणि मुलगा एकवीस वर्षांचा हवा. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने जात-धर्म न बदलता लग्न करता येते, पण त्या वयाआधी नाही. मुलगी अठराच्या आत असेल तर २०१२ च्या पोक्सो कायद्यापुढे तिच्या संमतीला किंमत नाही. पळून जाणे म्हणजे हिंमत नव्हे. त्यात भरडली जातात ती दोन पोरेच, आणि त्यातही गरिबाघरचे आधी.

भाचा ऐकत होता. ‘‘मंग मामा, हिंमत म्हन्जे काय?’’ असे त्याने विचारले. आम्हाला पटकन उत्तर सुचले नाही.

उत्तर दुसऱ्या दिवशी भाऊजींनी दिले, तेही न बोलता. निघण्याआधी ते आम्हाला रोपवाटिकेत घेऊन गेले. हिवाळ्यात बांधलेली कलमे काढून गाडीत भरण्याचे काम चालले होते. एक रोप हाती घेऊन त्यांनी वीतभर उंचीवरची गाठ दाखविली. खाली जंभेरी, वर संत्रा. जंभेरीच्या सालीला बारीक छेद द्यायचा, संत्र्याचा एक डोळा आत बसवायचा, पट्टीने बांधायचा आणि थांबायचे. घाईने पट्टी सोडली तर डोळा सुकतो. नीट सांधला की वेगळ्या झाडाचे मूळ नव्या फांदीला पाणी पुरविते. मग फळ यायला आणखी पाचेक वर्षे.

भाऊजींनी ते रोप भाच्याच्या हाती दिले आणि म्हणाले, ‘‘धर. सांभाळून ठेव गाडीत. गाठीवर दाब नको पडू देऊ.’’

भाच्याने ते दोन्ही हातांनी धरले. वरूडच्या गाडीत बसल्यावर मामी म्हणाली, ‘‘पुढच्या करीला आपण पुन्हा येऊ. पण पांढुर्ण्याला नको, इथेच राहू.’’ खिडकीतून पाहिले तर ताई हात हलवीत होती, आणि भाचा तिच्याशेजारी उभा होता.