रात्री अडीचला मी गोल्डबाख सोडवला!

खरंच सोडवला. सकाळचा चहा उकळेपर्यंत तो हातचा गेलाही, पण ते पुढे.

भाचीला मूळ संख्या शिकवत होतो. १ आणि स्वतः सोडून कशानेच पूर्ण भाग जात नाही त्या: २, ३, ५, ७, ११... तिला जरा गुंतवून ठेवावं म्हणून कुठंतरी वाचलेलं कोडं घातलं. २ पेक्षा मोठी कुठलीही सम संख्या घे आणि दोन मूळ संख्यांच्या बेरजेत बसवून दाखव. ८ म्हणजे ३ + ५. १२ म्हणजे ५ + ७. "मामा, हे सोपंय!" म्हणत ती पन्नासपर्यंत गेली आणि झोपली. मला कुठली झोप! चौकटीची वही ओढली आणि बसलो.

९८ ने घाम काढला. ३ लावा, उरतात ९५, गेलं. ७ लावा, उरतात ९१. हे ९१ पक्कं लबाड! अगदी मूळ संख्येचा चेहरा घेऊन येतं आणि निघतं ७ × १३. शेवटी १९ + ७९ जुळलं तेव्हा मी एकटाच टाळी वाजवली.

आणि मग वाचलं, की हे कोडं कुणालाच सुटलेलं नाही! ७ जून १७४२ ला क्रिस्टियान गोल्डबाखने ऑयलरला पत्रात लिहिलेल्या गोष्टीतून ते निघालं. ऑयलरची खात्री होती, पण सिद्धता त्यालाही जमली नाही. संगणकांनी ४ वर १८ शून्यं एवढ्या संख्येपर्यंत तपासलंय. एकही सम संख्या हुकलेली नाही. पाचवीतल्या पोरीला कळणारा प्रश्न, आणि पावणेतीनशे वर्षं तसाच!

माझी सिद्धता अशी: १०० ला ६ जोड्या, १००० ला २८, १०,००० ला १२७. जोड्या वाढतच जातात, मग शून्य होतीलच कशा? झालं की!

सकाळी पातेल्यात आधण ठेवताना लक्षात आलं. वाढतात त्या एकंदरीत. ६८ ला दोनच आहेत, तिच्याहून लहान ६० ला मात्र सहा. तालुक्यात पाऊस भरपूर झाला म्हणून प्रत्येक विहिरीला पाणी लागतंच असं नाही. आणि इथे तर एकही विहीर कोरडी राहून चालत नाही.

या खड्ड्यात मी एकटा नाही, याचं काय समाधान झालं म्हणून सांगू! चीनमध्ये चेन जिंगरुन सहा चौरस मीटरच्या खोलीत राबले आणि १९७३ मध्ये अगदी उंबऱ्यापर्यंत पोचले: पुरेशी मोठी प्रत्येक सम संख्या म्हणजे एक मूळ संख्या, अधिक दुसरी मूळ किंवा दोन मूळ संख्यांचा गुणाकार. १९७८ मध्ये शू ची यांनी त्यांच्यावर लेख लिहिला आणि देशभरातल्या हौशी मंडळींनी आपापल्या सिद्धता गणित संस्थेकडे ढिगानं धाडल्या. एकही टिकली नाही. पण त्या रात्रींची मजा त्यांनाच ठाऊक, आणि आता मलाही!

तुम्ही आज २२० घेऊन बसा. ३ लावल्यावर उरणाऱ्या २१७ ला भुलू नका. ते ७ × ३१ आहे.