कडू दाणा

आमच्या घरात खराब झालेलं अन्न टाकलं जात नाही. ते आजी खाते.

वय ७८. भाकरीच्या कडेला हिरवट बुरशी दिसली की तेवढा तुकडा मोडून बाजूला, उरलेली तव्यावर शेकून तिच्या ताटात. शेंगदाणे निवडायला बसली की चांगले कुटासाठी डब्यात. सुरकुतलेले, काळपट, कडू दाणे तिच्या तोंडात. "टाकायचे कशाला? मला चालतात." १९७२चा दुष्काळ खडी फोडून काढलेल्या बाईशी यावर काय वाद घालणार?

पण मुद्दा खवट चवीचा नाहीये. शेंगदाण्यावर, मक्यावर वाढणाऱ्या काही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करतात. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी पटापट मेले, तेव्हा त्यांच्या खाद्यातल्या शेंगदाण्याच्या पेंडीत हे सापडलं. आपल्या शेजारी, गुजरात-राजस्थानच्या आदिवासी पट्ट्यात, १९७४ मध्ये बुरशी आलेला मका खाऊन शंभरावर माणसं गेली. ती एकदम झालेली विषबाधा. थोडं थोडं, वर्षानुवर्षं पोटात जात राहिलं तर यकृताच्या कॅन्सरचा धोका वाढतो, आणि हिपॅटायटिस बी असेल तर कितीतरी जास्त. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने अफ्लाटॉक्सिनला तंबाखूच्याच गटात बसवलंय. (आजीच्या मिश्रीच्या डबीबद्दल पुन्हा कधीतरी. एका वेळी एकच भांडण.)

आणि तिचा हुकमी तवा इथे कामाचा नाही. भाजून-शिजवून हे विष पुरतं जात नाही.

कॅन्सर म्हटलं की आपण मैदा, साखर, मायक्रोवेव्हवर तावातावाने बोलतो. फॅमिली ग्रुपवर हळदीचे फॉरवर्ड येतात. पण घरातलं शिळं, उरलेलं, खराब नेमकं कोणाच्या ताटात जातं, हे कोणी विचारत नाही. बहुतेक घरांत उत्तर एकच असतं, आणि ते शेवटी जेवायला बसतं.

मी हे सगळं आजीला सांगितलं. यकृत, कॅन्सर, कशानेही ती हलली नाही. "माझं आता काय राहिलंय?" मग म्हणाली, "बरं, नाही खात. म्हशीला घालते."

म्हटलं, तेही नको. जनावराने खाल्लं तर त्यातलं थोडं दुधात उतरतं.

निवडता निवडता तिचा हात थांबला. दूध पोरं पितात.

आता कडू दाणे परसातल्या खड्ड्यात जातात. भाकरीचं मात्र अजून ऐकत नाही.