पूरक आणि औषध

व्याकरणाच्या तासाला 'विधानपूरक' शिकवताना आम्ही सांगतो की, क्रियापदाचा अर्थ अपुरा राहिला तर पूरक मदतीला येते; क्रियापदाची जागा ते घेत नाही. औषधांच्या दुकानात मात्र हा शब्द फारच मोठा होऊन बसला आहे. पीसीओएसमुळे दिवस राहत नसलेल्या स्त्रीपुढे 'पूरक' आणि 'औषध' असे दोन पर्याय येतात, आणि आकडे पाहण्याआधी हे शब्दच निवड करून टाकतात. पूरक म्हणजे नैसर्गिक. औषध म्हणजे रसायन.

व्युत्पत्ती तर उलटेच सांगते. 'औषध' हा शब्द 'ओषधी'वरून, म्हणजे वनस्पतीवरून आला. मेटफॉर्मिनच्या शोधाचा माग गॅलेगा नावाच्या एका युरोपीय वनस्पतीपर्यंत जातो. 'नैसर्गिक' मायो-इनॉसिटॉलची पांढरी भुकटी मात्र कारखान्यात तयार होते. असो.

आमच्या विभागातली एक तरुण सहकारी (वय पस्तीस) दीड वर्ष ही भुकटी घेत होती. लेट्रोझोलचे नाव निघताच ती म्हणाली, "ते तर कॅन्सरचं औषध!" भीती अगदीच निराधार नव्हे. ते स्तनाच्या कर्करोगासाठी वापरले जाते हे खरे, आणि आपल्याकडे वंध्यत्वासाठी त्याच्या वापरावर २०११ साली बंदी आली होती, ती २०१७ साली उठली. पण पीसीओएसमध्ये ते ऋतुचक्राच्या आरंभी पाचच दिवस देतात. इस्ट्रोजेन तात्पुरते घटते, मेंदूतील पीयूषिका ग्रंथी बीजांडकोशाला अधिक जोराने हाक देते आणि बीजांड पक्व होते. अमेरिकेत ७५० स्त्रियांवर झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, जास्तीत जास्त पाच चक्रांच्या उपचारात, लेट्रोझोल घेणाऱ्यांपैकी २७.५ टक्के स्त्रियांना मूल झाले. जुन्या क्लोमिफेनवर १९.१ टक्के. त्याआधी २००७ सालच्या चाचणीत एकट्या मेटफॉर्मिनचा आकडा अवघा ७.२ होता.

इनॉसिटॉलच्या बाजूने असा भक्कम आकडा नाही. इन्सुलिनच्या कामात त्याचा काही उपयोग होऊ शकतो आणि अपायही फारसा नाही. म्हणून २०२३ सालच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना ते घेण्यास मज्जाव करत नाहीत. बीजांड सुटण्यासाठी मात्र त्या पहिले नाव लेट्रोझोलचेच घेतात.

मग भुकटीच का? आमच्या मते उत्तर रसायनशास्त्रात नाही. पूरकाचा डबा स्वयंपाकघरात चहा-साखरेच्या शेजारी उघड राहू शकतो. कुणी विचारले तर 'अशक्तपणा आहे' म्हणता येते. गोळ्यांची पट्टी साड्यांच्या घडीत जाते, कारण औषध म्हटले की रोग आला, रोग म्हटला की दोष आला, आणि तो कुणाचा हे सासरी आधीच ठरलेले असते. 'वांझ' हा शब्द आता घरात कुणी उच्चारत नाही. त्याला चुकवण्यासाठी पस्तिशीतली दीड वर्षे खर्ची पडतात, आणि त्या वयातले दीड वर्ष कोणतीच गोळी परत देत नाही.