ऑक्टोबरची वारी

मार्चमध्ये दहावीला गचकलेली मुलं पूर्वी ऑक्टोबरला पुन्हा परीक्षेला बसायची. शिक्षकांच्या खोलीत त्यांना ‘वारकरी’ म्हणायची पद्धत होती. कुणाची दुसरी वारी, कुणाची चौथी. अमेरिकेत अशीच एक वारकरी टीम होती आणि तिची परीक्षाही ऑक्टोबरातच असायची, हे मला निवृत्तीनंतर न्यू जर्सीला मुलाकडे गेल्यावर कळलं. नातवाला बेसबॉलचं वेड. त्याच्या नादाने मीही वाचायला लागलो आणि १९५५ सालच्या ब्रुकलिन डॉजर्सपाशी येऊन थांबलो.

ब्रुकलिन हा न्यूयॉर्कचाच भाग, पण १८९८ पर्यंत स्वतंत्र शहर. कामगारांची, देशोदेशींहून आलेल्यांची वस्ती. ‘डॉजर्स’ म्हणजे चुकवणारे. तिथल्या रस्त्यांवर ट्राम इतक्या की लोक त्या चुकवत चालायचे, त्यावरून हे नाव! मैदान एबेट्स फील्ड, भर वस्तीत, जेमतेम ३२ हजार प्रेक्षकांचं. काळ्या खेळाडूंना मोठ्या लीगचं दार अर्धशतकाहून अधिक काळ बंद होतं. १९४७ साली जॅकी रॉबिन्सनने ते उघडलं, ते याच टीमकडून खेळताना.

पण वर्ल्ड सिरीज काही हाती लागेना. दोन लीगचे विजेते समोरासमोर येतात आणि आधी चार सामने जिंकेल तो जगज्जेता, असा हा मामला. १९४१, १९४७, १९४९, १९५२, १९५३. पाच वेळा डॉजर्स तिथवर पोचले आणि पाचही वेळा न्यूयॉर्क यांकीजकडूनच हरले. दर वेळी तोच विषय, तोच परीक्षक! ब्रुकलिनचे लोक एकच वाक्य म्हणत घरी जायचे, “पुढच्या वर्षी बघू!” कॅप्टन पी वी रीस या पाचही पराभवांत मैदानावर होता.

माझ्या वर्गातला एक मुलगा आठवतो. गणितात चार वेळा गेला. पाचव्यांदा फॉर्म भरायला आला तेव्हा त्याचे वडील बाहेरच थांबले होते, लाजेने. पोरगा मात्र सरळ टेबलापाशी आला आणि म्हणाला, “सर, सही.” त्या दोन शब्दांत तक्रार नव्हती. रीसबद्दल वाचताना तो डोळ्यांपुढे येत राहिला.

तर १९५५. मोसमाचे पहिले १० सामने सलग जिंकले, पहिल्या २४ पैकी २२. आठ सप्टेंबरलाच लीग खिशात! पुढे पुन्हा यांकीज, आणि पहिले दोन्ही सामने हरले. सात सामन्यांच्या सिरीजमध्ये पहिले दोन गमावून तोवर कुणीही जिंकलं नव्हतं. तिसऱ्या सामन्यात चेंडू दिला जॉनी पॉड्रेसकडे. त्या दिवशी त्याला तेविसावं वर्ष पूर्ण झालं होतं. मोसमातली त्याची कमाई ९ विजय आणि १० पराभव, म्हणजे आमच्या भाषेत काठावरचा विद्यार्थी. त्याने तो सामना काढला. चार ऑक्टोबरला सातव्या, निर्णायक सामन्यातही चेंडू त्याच्याच हाती होता.

डॉजर्स २–० पुढे. सहावी इनिंग. यांकीजचे दोघे बेसवर, एकही बाद नाही आणि फटकेबाज योगी बेरा समोर. त्याने चेंडू डावीकडच्या कोपऱ्यात उंच मारला. तिथे क्युबाचा सँडी अमोरोस, त्याच इनिंगला मैदानात आलेला. तो डावखुरा, म्हणून झेलायचा ग्लव्ह उजव्या हातात. धावत जाऊन त्याने तोच हात लांबवला आणि चेंडू त्यात बसला. लगेच फेक रीसकडे, रीसकडून हॉजेसकडे. परतू न शकलेला धावणाराही बाद! ग्लव्ह दुसऱ्या हातात असता तर?

रॉबिन्सन, वय ३६, त्या सामन्यात खेळला नाही. ज्याने सगळ्यांत जास्त सोसलं, तो निकालाच्या दिवशी बाकावर होता. यांकीजचा शेवटचा बाद झालेला फलंदाज एल्स्टन हॉवर्ड. त्यांच्या टीममधला हा पहिला काळा खेळाडू त्याच वर्षी आला होता, रॉबिन्सननंतर आठ वर्षांनी. त्याने मारलेला चेंडू गेला रीसकडे. सहाव्या वारीला रीसने तो हॉजेसकडे फेकला आणि ब्रुकलिन पास झालं. अख्खं गाव रस्त्यावर आलं.

पण पुढचं वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. १९५७ च्या मोसमानंतर मालक वॉल्टर ओमॅली याने टीम लॉस एंजेलिसला हलवली. १९६० साली एबेट्स फील्ड पाडलं, तिथे घरांच्या इमारती झाल्या.

मंडळी, आम्ही त्या मुलांना चेष्टेने वारकरी म्हणायचो. पण खऱ्या वारकऱ्याला कुणी विचारत नाही, “यंदा पास झालास का?” दर्शन झालं तरी तो पुढच्या वर्षी पुन्हा निघतोच. ब्रुकलिनकरांनी पाच पराभव पचवले, कारण पुढचं वर्ष शिल्लक होतं. त्यांचं खरं नुकसान हरण्याने झालं नाही. त्यांचा विठोबाच कुणीतरी विटेसकट उचलून नेला, आणि ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणायची सोयच राहिली नाही.