संजीवनानंतरची वर्षं

1905 सालच्या जून महिन्यात केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये संजीवन झालं. पंडिता रमाबाईंच्या आश्रमातल्या मुली प्रार्थनेला बसल्या की तासन्‌तास उठत नसत. कुणी रडत पापांची कबुली देई, कुणी आनंदाने गाऊ लागे. त्याची वार्ता सातासमुद्रापार गेली, आणि आजही ती उपदेशांतून सांगितली जाते. माझं मन मात्र त्यानंतरच्या वर्षांकडे ओढ घेतं. त्याच सुमारास रमाबाईंनी अवघ्या बायबलचं मराठी भाषांतर हाती घेतलं होतं, आणि ते त्यांना 1922 पर्यंत, अगदी अखेरच्या दिवसांपर्यंत पुरलं.

संस्कृतात पारंगत असलेल्या या बाईंनी त्यासाठी हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास केला. खेड्यातल्या, जेमतेम अक्षरओळख झालेल्या बाईला प्रभूचं वचन कळावं, म्हणून त्या साधा शब्द शोधत बसल्या. छापखाना आश्रमाचाच, आणि खिळे जुळवायला आश्रमातल्याच मुली. शिशाचा एकेक खिळा उचलायचा, त्यावरचं उलटं अक्षर पारखायचं, काना-मात्रा जागच्या जागी बसवायच्या, ओळ घट्ट करायची, शाई लावून कच्चा छाप काढायचा. बाईंनी दुरुस्त केलेली मुद्रितं परत आली की चुकलेला खिळा काढून दुसरा बसवायचा. उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत 66 पुस्तकं अशी ओळीओळीने पुढे सरकली. दुष्काळातून आणलेल्या, कुणी नाकारलेल्या, कुणी टाकून दिलेल्या मुलींच्या हातून ती सरकली, हे आठवलं की माझे हात आपोआप जोडले जातात.

एवढी वर्षं सगळं सुरळीत थोडंच चाललं असेल? आश्रमात शेकडो तोंडं जेवायची होती. बाईंना ऐकू कमी येऊ लागलं होतं. 1921 च्या जुलैत मनोरमा, त्यांची एकुलती एक लेक आणि कामातला उजवा हात, देवाघरी गेली. आई-वडील, बहीण, भाऊ, पती यांना पूर्वीच गमावलेल्या बाईंच्या वाट्याला हेही आलं. तरी मुद्रितं तपासणं थांबलं नाही. 5 एप्रिल 1922 रोजी त्यांनी देह ठेवला, तेव्हा भाषांतर पुरं झालेलं होतं. संपूर्ण ग्रंथ 1924 मध्ये छापून बाहेर आला; तो हातात घ्यायला त्या नव्हत्या.

रमाबाईंची आणखी एक गोष्ट मला फार धीर देते. त्यांचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमध्ये झाला. पुढे आपल्या साक्षीत त्यांनी मोकळेपणी लिहिलं की ख्रिस्ती धर्म तेव्हा मिळाला होता, खुद्द ख्रिस्त मिळायला आणखी काही वर्षं जावी लागली. ती मधली वर्षं त्या शोधत राहिल्या, प्रश्न विचारत राहिल्या, आणि वाट सोडून गेल्या नाहीत. मन भरून आलेलं नसतानाही वाटेवर राहणं हीसुद्धा निष्ठाच आहे.

प्रभूच्या दाखल्यातलं खडकाळ जमिनीवरचं बी आठवा. आपल्याकडच्या मुरमाड माळावरही पहिल्या पावसाला हिरवं लवकर दिसतं आणि उघडीप पडली की आधी तेच करपतं. उत्साह ही देवाची देणगी आहे, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण मुळं खाली जातात ती कुणाला दिसत नाहीत अशा दिवसांत.

नाताळच्या उपासनेला आमच्या मंडळीत उभं राहायला जागा नसते. भर पावसाळ्यातल्या रविवारी बाकं ओस असतात. तेव्हाही एक आजी येतात. गुडघे दुखतात म्हणून पायऱ्या एकेक करून चढतात, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं बायबल आणि ‘उपासना संगीत’ काढून पदराने पुसतात आणि आजारी माणसांची नावं घेऊन प्रार्थना करतात. त्यांतली काही नावं त्या वर्षानुवर्षं घेत आल्या आहेत. उत्तर दिसलेलं नाही म्हणून एकही नाव त्यांनी गाळलेलं नाही. रमाबाईंचं काम जगाने पाहिलं, आजींचं कुणी लिहून ठेवणार नाही. पण दोघींच्या मागची ताकद मला एकच वाटते. आपल्या आधी प्रभू विश्वासू आहे, हे दोघींनी गृहीत धरलं आणि मग दिवसाचं काम हाती घेतलं.

म्हणून ज्यांची प्रार्थना आज कोरडी झाली आहे, त्यांना मला कळकळीने सांगावंसं वाटतं: मन परत पेटेल तेव्हा येऊ, असं म्हणू नका. रविवारी आपल्या बाकावर येऊन बसा. शास्त्राचा नेमलेला भाग वाचा, कळला नाही तरी वाचा. ज्याला क्षमा करायची आहे त्याला आज पुन्हा करा. एवढं आपल्या हातात आहे आणि ते आपण करायचं. पीक कधी द्यायचं ते देव जाणतो, आणि त्याने आजवर आपल्यापैकी कुणालाही सोडलेलं नाही.