रजिस्टरची शेजपाळी

प्रोसेसरमध्ये आकडेमोड करताना मूल्ये ज्या अगदी जवळच्या जागांत ठेवली जातात त्यांना रजिस्टर म्हणतात, आणि बहुतेक लॅपटॉपांत आढळणाऱ्या एक्स८६-६४ घडणीच्या प्रोसेसरला सर्वसाधारण कामासाठी अशा जागा १६ च आहेत. त्यांतलीही एक स्टॅकचा पत्ता सांभाळण्यात अडकलेली असते. प्रोग्रॅममधली मूल्ये मात्र शेकड्यांनी असतात. माणसाने लिहिलेल्या प्रोग्रॅमचे यंत्राच्या आज्ञांत रूपांतर करणारा जो कंपायलर, त्याच्या ज्या भागाकडे या थोड्या जागांची वाटणी सोपवलेली असते त्याला रजिस्टर अ‍ॅलोकेटर असे नाव आहे.

वीर धरणातून निघून फलटणवरून माळशिरस तालुक्यात येणाऱ्या नीरा उजव्या कालव्यावर ज्यांनी रात्री दारे धरली आहेत, त्यांना हा प्रश्न वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. चारी एक, शेते अनेक, आणि ज्याची पाळी चालू आहे त्याची पाळी पुरी होईपर्यंत दुसऱ्याने दार उघडायचे नाही; हीच शेजपाळी. मूल्य तयार झाल्यापासून शेवटचे वापरले जाईपर्यंतचा जो अवधी, त्याला त्याचा जीवनकाल म्हणतात. ज्या दोन मूल्यांचे जीवनकाल एकमेकांवर येतात त्यांना एकच रजिस्टर देता येत नाही. आयबीएममध्ये ग्रेगरी चैटिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली ही अडचण आलेखाच्या रंगकामाच्या रूपात मांडली: प्रत्येक मूल्य हा एक बिंदू, भांडणाऱ्या दोन बिंदूंमध्ये एक रेघ, आणि रेघेने जोडलेल्या बिंदूंना एक रंग द्यायचा नाही. रंग संपले की एखादे मूल्य मेमरीत टाकावे लागते, त्याला स्पिल म्हणतात. चारीचे पाणी शेततळ्यात सोडून पुढे मोटारीने उपसावे तसे हे आहे. पाणी हातचे जात नाही, पण उपशाचा खर्च बसतो.

जीवनकाल काढायचा तो प्रोग्रॅमच्या शेवटाकडून सुरुवातीकडे चालत, कारण एखादे मूल्य आता लागणार आहे की नाही हे पुढे काय येते त्यावर ठरते. या विश्लेषणाचा पाया मुंबईच्या आयआयटीतील उदय खेडकर आणि सहलेखकांच्या २००९ सालच्या डेटा फ्लो अ‍ॅनालिसिसवरील ग्रंथात विस्ताराने वाचायला मिळतो. शेजपाळीचा नियमही टेलकडून हेडकडे, म्हणजे चारीच्या शेवटाकडून मुखाकडे, येण्याचाच आहे, अर्थात त्याचे कारण निराळे. तिथे शेवटच्या शेतकऱ्याचा अविश्वास आधी दूर करायचा असतो.

अ‍ॅलोकेटरमधील दुरुस्ती तपासणे किती नाजूक असते हे शून्याच्या एका जुन्या दुखण्यावरून चांगले कळते. शून्यासारखे मूल्य मेमरीत साठवण्यापेक्षा लागेल तिथे पुन्हा तयार करणे स्वस्त पडते, आणि एक्स८६ वर त्याची सर्वांत आखूड रीत म्हणजे रजिस्टरची स्वतःशीच एक्सॉर क्रिया करणे. परंतु एक्सॉर केवळ त्या रजिस्टरला हात लावत नाही. आधीच्या तुलनेचा निकाल ज्या फ्लॅग नावाच्या खुणांत राहतो त्याही ती पुसते. तुलना आणि त्या तुलनेवर अवलंबून असलेली उडी, म्हणजे पुढची वाट निवडणारी आज्ञा, यांच्या मधोमध अ‍ॅलोकेटरने असे शून्य आणून बसवले, तर निवडलेले रजिस्टर खरोखरच रिकामे असूनही उडी चुकीच्या वाटेने जाते. चारी मोकळी होती, पण दार उघडताना बांध फुटला आणि शेजारच्या पाळीचे पाणी वळले. प्रोग्रॅम कोसळत नाही, तो निमूटपणे चुकीचे उत्तर देतो, आणि हे कोसळण्यापेक्षा वाईट.

अशा वेळी दुरुस्तीचा एक मार्ग म्हणजे शून्य पुन्हा तयार करणेच बंद करणे. तो सुरक्षित असला तरी आळशी आहे. एलएलव्हीएम या कंपायलर-संचाने निवडलेला मार्ग असा की, फ्लॅगची पाळी संपली आहे अशी खात्री नसेल तर एक्सॉरऐवजी मूव्ह ही फ्लॅगला न शिवणारी आज्ञा वापरायची. तपासणाऱ्याची नजर इथे मूव्हवर नव्हे, तर ‘खात्री’ या शब्दावर ठरली पाहिजे. फ्लॅग जिवंत आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी पुढच्या मोजक्याच आज्ञा चाळल्या जात असतील आणि तेवढ्यात निर्णय लागला नाही, किंवा आज्ञांचा चालू गट संपून वाट पुढच्या गटात शिरली, तर ‘ठाऊक नाही’ या उत्तराचा अर्थ ‘जिवंत आहेत’ असाच धरला गेला आहे ना, एवढे पाहिल्यावाचून संमती देऊ नये.

त्यानंतर येते चाचणी. दुरुस्ती काढून टाकली असता चाचणी नापास होते का, हे स्वतः चालवून पाहावे लागते, कारण अ‍ॅलोकेटरचे निर्णय इतके परस्परावलंबी असतात की कुठेतरी एक ओळ इकडची तिकडे झाली तरी वाटणी बदलते आणि चूक आपोआप दिसेनाशी होते. पाण्याची तक्रार थांबली म्हणजे पाणी मिळाले असे नव्हे. त्या वर्षी शेतकऱ्याने ऊसच लावला नसेल. म्हणूनच मूळ प्रोग्रॅमपासून सुरू होणाऱ्या चाचणीपेक्षा, अ‍ॅलोकेटरच्या तोंडाशी पोहोचलेल्या आज्ञांचा मजकूर जसाच्या तसा देणारी चाचणी मागावी. पहिली वर्षानुवर्षे उत्तीर्ण होत राहते आणि कशाचीच परीक्षा घेत नाही.

दुरुस्तीने कोड लांबतो हा आक्षेप हमखास येतो, आणि तो खरा आहे. एक्सॉर दोन बाइटांत मावते, मूव्हला पाच लागतात. पण ज्या जागी फ्लॅग जिवंत आहेत तिथे ते तीन बाइट द्यावेत.